जपानी बागेचे दार आणि आपली निसीही

घर बांधणाऱ्याचे लक्ष सर्वांत अधिक भिंतींकडे, त्याखालोखाल स्वयंपाकघराकडे आणि सर्वांत कमी फाटकाकडे असते. बँकेत असताना गृहकर्जाची असंख्य अंदाजपत्रके नजरेखालून गेली. त्यांत फाटकाचा उल्लेख बहुधा अगदी शेवटी, ‘कंपाउंड, गेट वगैरे’ एवढ्यातच उरकलेला असे. वास्तविक घराचे पहिले वाक्य तेच असते. येणारा पाहुणा आपल्याशी बोलण्याआधी आपले फाटक त्याच्याशी बोललेले असते.

हा विचार पुन्हा मनात येण्यास धडगावचे एक परिचित व्यापारी कुटुंब निमित्त झाले. धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे ठिकाण. सातपुड्याच्या कुशीतील या बाजारपेठेत आमचूर, चारोळी आणि किराणा यांच्या उलाढालीवर उभी राहिलेली जी मोजकी घरे आहेत, त्यांपैकी हे एक. गोदामामागे त्यांनी नवे घर बांधले. गोदाम आणि घर यांच्यामध्ये बागेपुरती जागा उरली. तिथे जपानी पद्धतीची बाग करावी आणि तिच्या तोंडाशी लाल रंगाची जपानी कमान उभी करावी, असा नव्या पिढीचा आग्रह. घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप थोडक्यात असा, “दुसऱ्यांच्या देवळाचे दार आपल्या बागेला कशाला?” दोन्ही बाजूंनी मला नमुने सुचवण्यास सांगितले, आणि वाचता-पाहता लक्षात आले की हा प्रश्न केवळ एका घराचा नाही. नाशिक-पुण्याकडील बंगल्यांतूनही जपानी बागेची हौस आता दिसू लागली आहे. म्हणून हा लेख.

लाल कमान कोणाची?

दोन उभे खांब, त्यांवर किंचित वर वळलेली एक आडवी तुळई आणि तिच्याखाली दुसरी. ही शेंदरी-लाल चौकट आज जपानची ओळख झाली आहे. तिचे नाव ‘तोरी’. परंतु तोरी हे बागेचे दार नव्हे. ते जपानच्या शिंतो धर्माच्या देवस्थानाचे प्रवेशचिन्ह आहे. तिला कवाडे नसतात, कडी-कुलूप नसते. येथून पुढची भूमी पवित्र आहे एवढेच ती सांगते. हिरोशिमाजवळील मियाजिमा बेटावर इत्सुकुशिमा देवस्थानाची तोरी भर समुद्रात उभी आहे. आज दिसते ती १८७५ मध्ये उभारलेली असून तिची उंची सुमारे १६ मीटर आहे. क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानात तर डोंगराच्या वाटेवर हजारो तोरी एकापुढे एक उभ्या आहेत. इनारी ही धान्याची आणि व्यापार-उदिमाची देवता. भरभराट व्हावी म्हणून अथवा झाली म्हणून व्यापारी तेथे तोरी अर्पण करतात आणि तिच्या खांबावर दात्याचे नाव कोरले जाते. आपल्या तीर्थक्षेत्री पायरी, कट्टा, धर्मशाळेची खोली यांवर देणगीदारांची नावे वाचणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

म्हणूनच वडीलधाऱ्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. तो परक्या धर्माच्या तिरस्कारातून आलेला असता तर मी त्याची बाजू घेतली नसती. उलट, तो आदरातून यावा. उद्या परदेशातील एखाद्या उपाहारगृहाने शोभेसाठी मानस्तंभाची प्रतिकृती उभारली, किंवा पायपुसण्यावर अष्टमंगल छापले, तर आपल्याला काय वाटेल? ज्या चिन्हापुढे कोणी मस्तक लववतो ते चिन्ह आपण मोटारीच्या वाटेवर केवळ छायाचित्रापुरते उभे करू नये. अनेकान्ताचा अर्थ सर्वांचे सर्व काही उचलून आणावे असा नाही. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याची दृष्टी समजून घ्यावी, असा आहे.

तोरी आणि आपले तोरण या शब्दांतील व आकारांतील साम्य मात्र मन वेधून घेते. भारतीय तोरण बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेले आणि तोरी हे त्याचेच रूप, असे काही अभ्यासक मानतात. हे मत सर्वमान्य नाही. पण तोरणाची आपली परंपरा किती जुनी, हे सांगायला जपानची साक्ष नको. मथुरेच्या कंकाली टिळ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात प्राचीन जैन स्तूपाचे अवशेष मिळाले, त्यांत तोरणांचे कोरीव भाग आहेत. मथुरेच्या संग्रहालयातील एका शिलापटावर तर पायऱ्या, कठडा, तोरण आणि मागे स्तूप असे संपूर्ण जैन धर्मस्थळ कोरलेले आहे. आपल्या महाराष्ट्रातील वेरूळची इंद्रसभाही पाहावी. तेथे आधी खडकातच कोरलेले प्रवेशद्वार, मग अंगणात मंदिर, हत्ती आणि मानस्तंभ, आणि त्यानंतर आतील लेणे. प्रवेश हा एका पावलाचा नसतो, टप्प्याटप्प्याने होतो, हे त्या शिल्पींना ठाऊक होते.

बागेचे खरे दार

मग जपानी बागेचे खरे दार कोणते? त्याचा उत्तम नमुना चहागृहाच्या बागेत मिळतो. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या आचार्याने जपानमधील चहापानाच्या विधीला साधेपणाचे वळण दिले. त्या चहागृहाकडे जाणाऱ्या छोट्या बागेला ‘रोजी’ म्हणतात. आपल्या रोजी-रोटीतील रोजी नव्हे. या शब्दाचा अर्थ ‘दंवभरली भूमी’. या बागेची दारे पाहिली की पहिल्यांदा आश्चर्य वाटते ते त्यांच्या साधेपणाचे.

सर्वांत साधे दार ‘शिओरिदो’. बांबूची वाकवलेली चौकट आणि तिच्यावर बांबूच्या पातळ पट्ट्यांची तिरकी, शंकरपाळ्यासारखी वीण. वजन इतके कमी की लहान मूलही एका हाताने उघडू शकेल. उंची जेमतेम कमरेच्या वर, आणि कुलूप नाही. दुसरा प्रकार ‘आगेसुदो’: वरच्या तुळईला टांगलेले बांबूचे पान, जे खालून ढकलून काठीच्या टेकूवर उचलून धरतात, पाहुणा येणार असेल तेव्हा उघडे, एरवी मिटलेले. तिसरा ‘कबुकिमोन’: दोन भक्कम खांब, वर एक आडवी तुळई आणि खाली दोन कवाडे. खेड्यातील जुन्या वाड्याच्या आवाराच्या दाराशी याचे नाते लगेच जुळते. चौथा प्रकार म्हणजे छोटे दुपाखी छप्पर असलेले दार. छप्पर गवताचे, सालीचे किंवा कौलांचे. दाराच्या बाजूला आखूड कुंपण जोडतात, त्याला ‘सोदेगाकी’, म्हणजे बाहीसारखे कुंपण, असे नाव आहे. ते अडवण्यासाठी नसते; आतले सारे एकदम दिसू नये एवढ्यासाठीच असते.

आणि या सर्वांहून मला भावलेला प्रकार म्हणजे दारच नसलेले दार. मुठीएवढा दगड, त्याला दोरीने बांधलेली फुलीसारखी गाठ, आणि तो वाटेवरील फरशीवर ठेवलेला. त्याला ‘सेकिमोरी-इशी’ म्हणतात. अर्थ एवढाच, ‘या वाटेने पुढे जाऊ नये.’ ओलांडणे कोणालाही सहज शक्य असते, तरी कोणी ओलांडत नाही. बाहेरच्या कुलपापेक्षा मनाची मर्यादा बळकट असते, हे एक दगड सांगून जातो.

तीन दारे आणि निसीही

चहाच्या बागेत जाणारा पाहुणा प्रथम बाहेरच्या दारातून शिरतो, बाकावर थांबतो, मग मधल्या दारातून आतल्या बागेत जातो, दगडी कुंडीतील पाण्याने हात-तोंड धुतो आणि शेवटी चहागृहाच्या अगदी लहान दारापाशी येतो. ते जेमतेम सव्वादोन फुटांचे चौकोनी द्वार असते. सरदार असो वा सावकार, वाकून, गुडघ्यांवरच आत जावे लागते. कमरेची तलवार बाहेर ठेवावी लागते, कारण ती त्या दारातून आत नेण्याची सोयच नसते.

हे वाचताना कोणत्या जैन वाचकाला निसीही आठवणार नाही? देरासरात जाताना श्रावक तीन वेळा ‘निसीही’ म्हणतो. मुख्य द्वाराशी पहिली, संसाराच्या व्यवहाराचा त्याग म्हणून. गाभाऱ्याशी दुसरी, मंदिराच्या व्यवस्थेच्या चिंतेचाही त्याग म्हणून. चैत्यवंदनापूर्वी तिसरी, द्रव्यपूजेचे विचारही मागे ठेवून भावपूजेत शिरण्यासाठी. दिगंबर बांधव ‘निःसही’ म्हणतात. स्थानकवासी परंपरेतही हा शब्द अनोळखी नाही. साधूंच्या दहा समाचारींत स्थानाबाहेर पडताना ‘आवस्सही’ आणि आत येताना ‘निसीही’ म्हणण्याचा आचार सांगितला आहे. जपानी बाग आणि जैन मंदिर यांचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, घरच्या बागेला मंदिराचा दर्जा द्यावा असेही नाही. परंतु दार हे आत येणाऱ्याकडून काहीतरी बाहेर ठेववून घेते, ही दृष्टी दोन्हीकडे सारखी आहे. नमुना घ्यायचा तो या दृष्टीचा. रंग आणि आकार त्यानंतर.

दारानंतरची वाटही अशीच विचारपूर्वक केलेली असते. तिच्यावर सुटे दगड थोड्या अंतराने बसवलेले असतात. त्यांवरून घाईने चालता येत नाही. प्रत्येक पावलाला नजर खाली ठेवावी लागते. समोरची साडेतीन-चार हात भूमी पाहून चालणे, ही आपली ईर्यासमिती. साधू ती व्रत म्हणून पाळतात. आपल्या अंगणातील दहा-बारा दगड गृहस्थाला दिवसातून दोन-चार वेळा तिची आठवण करून देत असतील तर त्याहून चांगली फरशी कोणती?

नमुने पाहावेत कुठे?

जपानला जाणे सर्वांना शक्य नाही, पण पुण्याला जाणे शक्य आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणूनही ओळखले जाते. सुमारे १० एकरांचे हे उद्यान जपानच्या ओकायामा शहरातील कोराकुएन या बागेच्या प्रेरणेने घडवले गेले. कोराकुएनची गणना जपानच्या तीन श्रेष्ठ बागांत होते. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेवरून १६८७ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि १७०० मध्ये ती पूर्णत्वास आली. पूर्वेकडील देशांच्या प्रवासावर ‘पूर्वरंग’ लिहिणाऱ्या पु. लं.चे नाव या उद्यानाला मिळाले, हा योगही सुरेख आहे.

तेथे जाणाऱ्याने फुले मोजू नयेत. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वाट सरळ का जात नाही आणि प्रत्येक वळणावर दृश्य कसे झाकते व उघडते. दुसरी, पूल, पाणी, दगड आणि हिरवळ यांत मोकळी जागा किती सोडली आहे. तिसरी, उद्यानाबाहेरचे काय काय दृश्यात सामील होते. जपानी लोक याला ‘शाक्केई’, म्हणजे उसने घेतलेले दृश्य, म्हणतात. कोराकुएनने शेजारचा किल्ला आणि डोंगर असाच उसना घेतला आहे. हे कर्ज बिनव्याजी आणि बिनतारणाचे आहे, असे माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला सांगावेसे वाटते.

याच्या उलट दिशेचा नमुनाही आपल्या समाजाला अभिमान वाटावा असा आहे. जपानच्या कोबे बंदरात मोत्यांच्या व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी तेथील कितानो भागात १९८५ मध्ये भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी मंदिर उभारले. परदेशात त्यांनी आपले दार जसे असते तसे, भक्तीसाठी उभे केले. म्हणून ते शोभेचे राहिले नाही, खरे झाले. आपल्या अंगणातील जपानी दारानेही असेच कशासाठी तरी उभे राहावे.

धडगावच्या साहित्यातून

धडगावसारख्या ठिकाणी या दारासाठी लागणारे जवळपास सारे साहित्य हाताशी आहे. सातपुड्यातील मानवेल बांबू भरीव आणि चिवट असतो. पावरा व भिल्ल कुटुंबांच्या घरांच्या बांबूच्या विणीच्या भिंती पाहिल्या तर शिओरिदोची जाळी विणणारे हात शोधायला दूर जावे लागणार नाही, हे पटते. २०१७ च्या भारतीय वन कायद्यातील दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडण्या-नेण्यास त्या कायद्याखालील परवाना लागत नाही. वनातील बांबूचे नियम वेगळे आहेत. तो वैध मार्गानेच घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

बांबू तीन वर्षांहून जुना, पक्व असावा आणि पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला असावा. त्या काळात त्यात पिष्ट कमी असते, आणि कीड लागते ती या पिष्टामुळेच. नंतर तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांच्या पाण्यातील द्रावणात काही दिवस बुडवून सावलीत वाळवावा. कीड लागल्यावर औषध फवारून जीव मारण्यापेक्षा ती लागूच नये अशी आधी व्यवस्था करणे, ही आपली जयणा आहे. खांब मातीत रोवू नयेत. काळ्या दगडाच्या बैठकीवर लोखंडी खुंटीने बसवावेत, म्हणजे पावसाचे पाणी आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. जपानी सुतारही खांब दगडावरच उभे करतात. खांबांसाठी नवा साग तोडण्याऐवजी मोडलेल्या जुन्या घराचे सागवान घ्यावे. बांधण्यासाठी जपानी लोक माडाच्या जातीच्या झाडाची काळी दोरी वापरतात, त्या ठिकाणी आपला काथ्या उत्तम. छप्पर करायचेच तर जुन्या कौलांचे.

त्या कुटुंबाने आता जो आराखडा ठरवला तो असा: लाल कमान नाही. जुन्या सागाचे दोन खांब व वर एक तुळई, रंग लाकडाचाच, फक्त तेलपाणी. खाली कमरेएवढे बांबूच्या विणीचे दार. रुंदी ४ फूट, म्हणजे आजारी माणसाची चाकांची खुर्ची सहज जाईल; वाकून शिरण्याचे दार गुडघेदुखीच्या घरात चालणार नाही, त्यामुळे नम्रतेची आठवण वाटेवरील दगडांवर सोपवली. तुळईच्या चौकटीत मागचा डोंगर यावा म्हणून दार किंचित तिरपे बसवायचे. ज्या तालुक्यात तोरणमाळ आहे तेथे दृश्य उसने घेण्यासाठी डोंगर शोधावा लागत नाही. तोरण नावाच्या झाडावरून त्या स्थळाला नाव पडले असे सांगतात. ज्याच्या नावातच तोरण आहे त्या माळाच्या तालुक्यात आयात कमान न उभारणे हेच शोभून दिसते.

कुलूप नसलेल्या या बुटक्या दाराविषयी घरात चर्चा झालीच. परंतु बाहेरचे मुख्य फाटक वेगळे आहे, आणि हे दार केवळ बागेचे. शिवाय आगमात तुंगिया नगरीच्या श्रावकांची कीर्ती अशी सांगितली आहे की त्यांची दारे सदैव उघडी असत. ‘अभंगद्वार’ श्रावक हा शब्द आपण व्याख्यानांतून ऐकतोच. गोचरीला आलेल्या महासतीजींना बंद दारापुढून परतावे लागू नये, हाही दाराच्या रचनेचाच भाग आहे. सकाळच्या वेळी बाहेरचे फाटक उघडे आणि आतले दार बिनकुलपाचे ठेवावे, असे घरातील सुनांनीच सुचवले.

जयणेच्या चार गोष्टी

जपानी बागेतील सारेच आपण घ्यावे असे नाही. क्योतोच्या सायहोजी मंदिराची बाग शेवाळाच्या गालिच्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या दृष्टीने शेवाळ म्हणजे अनंतकाय जीवांचे घर. ते मुद्दाम वाढवून त्यावर पाय ठेवणे आपल्याला जमणार नाही. म्हणून वाटेचे दगड जमिनीपासून दोन-तीन बोटे उंच बसवावेत, पृष्ठभाग खडबडीत ठेवावा आणि पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा, म्हणजे पावसाळ्यातही ते कोरडे राहतील.

दुसरी गोष्ट पाण्याची. मासे सोडलेले तळे उन्हाळ्यात आटले तर त्या जीवांचे काय? त्यापेक्षा जपानमध्येच जन्मलेली कोरडी बाग पाहावी. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरात पांढऱ्या खडीच्या अंगणात १५ दगड आहेत, पाण्याचा थेंबही नाही. तरी खडीवर ओढलेल्या रेषांत लाटा दिसतात. अपकायाचा संयम पाळूनही सौंदर्य साधते, याचे हे जिवंत उदाहरण आहे.

तिसरी गोष्ट दिव्याची. दाराजवळ दगडी दीप शोभतो, पण चातुर्मासात प्रखर दिव्याभोवती पतंगांचा खच पडतो. दिवा मंद, पिवळसर, खाली तोंड केलेला असावा आणि काम झाल्यावर बंद करावा.

चौथी गोष्ट मोबदल्याची. कंत्राटदाराच्या यांत्रिक जाळीला आपण मागितलेला दर देतो आणि विणकर कारागिराशी मात्र दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करतो. दार विणणाऱ्याला चार दिवसांची पूर्ण मजुरी आणि वर्षातून एकदा डागडुजीचे काम ठरवून द्यावे. बांबूचे दार कायमचे नसते, काही वर्षांनी ते पुन्हा विणावे लागते. म्हणजे तितक्याच वेळा एका घरात चूल पेटते.

दार कायमचे नसणे हा दोष मानू नये. जपानमधील इसे येथील महादेवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. शेवटचा असा सोहळा २०१३ मध्ये झाला. जुन्या गर्भगृहाचे मुख्य खांब फेकून देत नाहीत. तासून, घडवून त्यांच्या तोरी होतात, आणि त्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांशी आणखी २० वर्षे उभ्या राहतात. त्यानंतरही ते लाकूड दुसऱ्या स्थानी उपयोगी येते. अपरिग्रहाचा उपदेश आपण पुष्कळ ऐकतो. एका लाकडाने तो असा पाळलेला पाहिला की आपल्या माळ्यावर पडलेल्या जुन्या तुळईकडे पाहण्याची नजर बदलते.

व्यापाऱ्याच्या घराला तर अशा दाराची गरज इतरांहून अधिक आहे. आपली वखार आणि आपले घर यांत बहुधा एका भिंतीचेच अंतर असते, आणि त्या भिंतीतून दिवसभराचा भाव, उधारी, येणे-देणे सारे जेवणाच्या ताटापर्यंत येऊन बसते. मधल्या बागेच्या दाराशी संध्याकाळी क्षणभर थांबून मनात ‘निसीही’ म्हणावे आणि वहीखाते बाहेर ठेवावे. सकाळी बाहेर पडताना ‘आवस्सही’ म्हणावे, म्हणजे ज्या कामाला निघालो ते खरोखर आवश्यक आहे का, हे स्वतःला विचारावे. ही दोन वाक्ये बोलवून घेईल ते दार बांबूचे असो वा सागाचे, त्याचा नमुना आपल्याला साधला असे समजावे.